जन्मतः हृदयदोष असलेल्या बाळाचा मेंदू पोटातच मागे कसा पडतो? आणि चाचणीच्या वेळी वय वजा करायचे का?

विकासथेरपी_सिंहगडरोड

नमस्कार. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या तान्ह्यांच्या पालकांसाठी चार पानी मराठी माहितीपत्रक करायला घेतले आहे आणि पहिल्याच पानावर अडकले आहे. पालकांचा पक्का समज असतो की मान धरायला उशीर झाला तो ऑपरेशनमुळे, भुलीमुळे, नाहीतर ‘मशीनवर ठेवल्यामुळे’. पण ट्रान्सपोझिशन (हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांची अदलाबदल) किंवा हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्टच्या (हृदयाची डावी बाजू अपुरी असलेल्या) बाळांचा शस्त्रक्रियेआधीचा एमआरआय पाहिला तर मेंदू तेव्हाच कोवळा दिसतो. वळ्या कमी, पांढरा भाग अपुरा.

पूर्ण दिवसांचे, पावणेतीन-तीन किलोचे बाळ, मग मेंदू आतच मागे का पडतो? सगळ्या दोषांत असे होते का? गरोदरपणात काही करता येते का?

दुसरा प्रश्न थेरपिस्टांसाठी जास्त महत्त्वाचा. 39 आठवड्यांना जन्मलेल्या बाळाचा मेंदू 35 आठवड्यांसारखा असेल, तर विकासाची चाचणी घेताना अपुऱ्या दिवसांच्या बाळांप्रमाणे महिनाभर वय वजा करायचे का? दोन्ही पद्धती वापरात दिसतात आणि एकाच बाळाचे दोन वेगळे निकाल येतात.

फीटलएको_एरंडवणे

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर गर्भातल्या रक्ताच्या वाटेत आहे. ती वाट नीट मांडली की पालकांनाही समजते.

गर्भाची फुप्फुसे काम करत नाहीत. शुद्ध रक्त येते ते वारेकडून, नाळेतल्या शिरेतून. त्यातले ऑक्सिजन सॅच्युरेशन 80 टक्क्यांच्या आसपास असते. हे रक्त यकृताजवळून वर येते आणि बाकीच्या अशुद्ध रक्तात फारसे न मिसळता, एका वेगळ्या धारेसारखे, दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या भोकातून म्हणजे फोरामेन ओव्हेलमधून डाव्या बाजूला जाते. तिथून डावा खालचा कप्पा, तिथून महाधमनी, आणि महाधमनीच्या पहिल्या फांद्या मेंदूकडे. म्हणजे घरातले सर्वांत ताजे पाणी आधी मेंदूला मिळेल अशी ही जोडणी आहे. डोक्याकडून परतलेले कमी ऑक्सिजनचे रक्त उजव्या बाजूला येते आणि डक्टसमार्गे (फुप्फुसाची नळी आणि महाधमनी यांना जोडणारी गर्भातली वाट) खालच्या अंगाला व परत वारेकडे जाते.

आता ट्रान्सपोझिशन घ्या. दोन मोठ्या नळ्यांची अदलाबदल झालेली असते. ताजे रक्त नेहमीसारखेच डाव्या बाजूला येते, पण डाव्या कप्प्याला महाधमनीऐवजी फुप्फुसाची नळी जोडलेली असते. ते रक्त डक्टसमधून कमरेखाली जाते. मेंदूला मिळते ते उजव्या कप्प्यातले, डोक्याकडूनच परत आलेले रक्त. नळ्यांत अडथळा नाही, प्रवाह पुरेसा आहे, बाळाचे वजन छान वाढते आहे, पण डोक्याला पोहोचणाऱ्या रक्ताची प्रत कमी. वजनावरून मेंदूची वाढ ठरवता येत नाही ती म्हणूनच.

हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्टमध्ये वेगळी अडचण. डावी बाजू जवळपास नसतेच. सगळे रक्त उजव्या कप्प्यात मिसळते, डक्टसमधून बाहेर पडते आणि महाधमनीच्या कमानीत उलट्या दिशेने चढून मेंदूकडे जाते. इथे रक्त मिसळलेले आणि वाटही अरुंद, त्यामुळे प्रत आणि प्रवाह दोन्हींत कमतरता.

2015 साली टोरोंटोच्या गटाने 30 हृदयदोष असलेले आणि 30 निरोगी गर्भ एमआरआयने मोजले. दोष असलेल्यांत महाधमनीच्या सुरुवातीचे सॅच्युरेशन सरासरी 10 टक्क्यांनी कमी होते, मेंदूने वापरलेला ऑक्सिजन 32 टक्क्यांनी कमी आणि मेंदूचे आकारमान 13 टक्क्यांनी लहान. तिसऱ्या तिमाहीत मेंदू दुपटीहून जास्त वाढतो, वळ्या पडतात, मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी तयार होतात. मागणी सर्वांत जास्त असते तेव्हाच पुरवठा अपुरा पडतो. म्हणून 20 आठवड्यांच्या अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये डोक्याची मापे बहुधा ठीक असतात आणि फरक 30 आठवड्यांच्या पुढे वाढत जातो.

सगळ्या दोषांत असे होत नाही. लहान व्हीएसडी, एएसडी (हृदयाच्या खालच्या किंवा वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यातले भोक) यांत रक्ताची वाट बदलत नाही, त्यामुळे मेंदूवर या मार्गाने फारसा परिणाम नाही. फॅलोज टेट्रालॉजी मधे कुठेतरी येते.

ऑक्सिजन हे एकच कारण मात्र समजू नका. हृदय आणि मेंदू घडवणारी काही जनुके सामाईक आहेत. 22 व्या गुणसूत्राचा 22क्यू11 हा तुकडा गाळला गेला असेल तर हृदयदोष आणि शिकण्यातली अडचण दोन्ही एकाच मुळातून येतात. विशेषतः टेट्रालॉजी, ट्रंकस, तुटलेली कमान अशा दोषांत मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांतले गाळलेले किंवा जादा तुकडे शोधणारी चाचणी) सुचवायला हवा. आणि वार: या गर्भांत वारेची वाढही अनेकदा कमी असते.

माहितीपत्रकात एक वाक्य ठळक छापा. हृदयाची मूळ घडण गर्भाच्या आठव्या आठवड्यापर्यंत जवळपास पूर्ण होते. त्यामुळे पाचव्या महिन्यात ग्रहण पाहिले, ग्रहणात भाजी चिरली, जड उचलले, यातल्या कशानेही दोष झालेला नाही. सासरी-माहेरी हा आरोप आईवर होतो आणि तो साफ खोटा आहे.

सोनो_चिंचवड

मापांबद्दल थोडे, कारण चुका इथेच होतात.

मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मिडल सेरेब्रल आर्टरीचा (मेंदूच्या मुख्य धमनीचा) पल्सॅटिलिटी इंडेक्स, म्हणजे डॉप्लरवर दिसणारा प्रवाहाच्या अडथळ्याचा आकडा, उतरतो. वार निकामी होत असलेल्या, वाढ खुंटलेल्या गर्भातही हेच चित्र दिसते. रिपोर्टवर ‘ब्रेन स्पेअरिंग’ (मेंदूकडे जास्त रक्त वळवले जाणे) एवढेच लिहिले की पुढचा डॉक्टर घाबरून 35-36 आठवड्यांना सिझेरियन करतो. हृदयदोषात हा इंडेक्स कमी येणे हृदयाच्या रचनेमुळेही असू शकते. नाळेच्या धमनीचा डॉप्लर, पोटाचा घेर, दोन आठवड्यांतली वाढ, गर्भाभोवतीचे पाणी, हे सगळे व्यवस्थित असेल तर निव्वळ त्या एका आकड्यावर बाळ बाहेर काढू नये. रिपोर्टमध्ये हृदयदोषाचे नाव आणि नाळेचा डॉप्लर एकाच ओळीत लिहा, म्हणजे वाचणाऱ्याची गफलत होणार नाही.

डोक्याचा घेर लिहा, नुसता बीपीडी (डोक्याची रुंदी) नको. पायाळू बाळाचे डोके लांबट होते, बीपीडी फसवतो. दर चार आठवड्यांनी घेर त्याच तक्त्यावर मांडा. तक्ता बदलला की नसलेली घट दिसते.

गर्भाचा एमआरआय प्रत्येकीला लागत नाही. सोनोग्राफीत मेंदूत काही वेगळे दिसले, व्हेंट्रिकल (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) रुंद वाटले किंवा दोष मोठा असेल तर 30 ते 32 आठवड्यांच्या सुमारास करा. त्याआधी वळ्याच कमी असतात, उशीर झाला की नाही ते कळत नाही. 1.5 टेस्लाचे मशीन पुरते, गॅडोलिनियम (एमआरआयसाठी शिरेतून देतात ते रंगद्रव्य) द्यायचे नाही, आईला डाव्या कुशीवर झोपवा.

एनआयसीयू_हडपसर

‘गरोदरपणात काय करता येते’ याचे सर्वांत खात्रीचे उत्तर म्हणजे दिवस पूर्ण भरू द्या. 35 आठवड्यांना मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या साधारण दोन तृतीयांश असते. आधीच महिनाभर मागे असलेल्या मेंदूचे आणखी तीन आठवडे कापायचे म्हणजे दुहेरी नुकसान. दुसरे वैद्यकीय कारण नसेल तर 39 आठवडे पूर्ण करावेत. मुहूर्त पाहून 37 व्या आठवड्यात सिझेरियन ठरवण्याची पद्धत आहे, ती या बाळांसाठी ठामपणे नाकारा. नुसत्या ट्रान्सपोझिशनसाठी सिझेरियन लागतही नाही, नॉर्मल बाळंतपण चालते.

दुसरी गोष्ट माहेरची. पहिले बाळंतपण माहेरी हा रिवाज आहे. माहेर जिथे नवजात बालकांची हृदयशस्त्रक्रिया होत नाही अशा गावात असेल तर 36 व्या आठवड्यापासून आईने पुण्यातच राहावे. डोहाळेजेवण माहेरी करा, बाळंतपण इथे. ज्या बाळांचे निदान पोटात असतानाच झालेले असते त्यांच्यात शस्त्रक्रियेआधीची मेंदूची इजा कमी आढळते, कारण जन्मानंतर निळेपणात गेलेले तास वाचतात.

जन्मानंतर डक्टस उघडी ठेवणारे औषध, प्रोस्टाग्लँडिन. अँपूल 500 मायक्रोग्रॅमची असते आणि फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायची. 50 मिलिलीटरमध्ये मिसळली की दर मिलिलीटरला 10 मायक्रोग्रॅम. तीन किलोच्या बाळाला 0.05 मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट द्यायचे तर पंप ताशी 0.9 मिलिलीटरवर. हाच डोस 0.01 वर आणला की 0.18 होतो आणि इतक्या कमी वेगाला बरेच पंप अडखळतात. तेव्हा द्रावण पातळ करून वेग वाढवा, आणि नवे प्रमाण सिरिंजवर मोठ्या अक्षरांत लिहा. दहापट चुका बदललेल्या सिरिंजनेच होतात. औषधाचा परिणाम मिनिटांत ओसरतो, म्हणून दुसरी शीर तयार ठेवा. श्वास थांबण्याचा धोका 10 टक्क्यांच्या आसपास, दोन किलोखालच्या बाळांत त्याहून जास्त. मगरपट्ट्याहून कर्वे रस्त्याला संध्याकाळी सातला निघालेली रुग्णवाहिका कुठे अडेल सांगता येत नाही. बॅग-मास्क हाताशी आणि श्वासनळीत नळी टाकू शकणारा माणूस गाडीत हवाच.

ऑक्सिमीटर उजव्या हाताला. मेंदूला जे रक्त जाते त्याचा आकडा तिथे मिळतो. ट्रान्सपोझिशनमध्ये काही बाळांत पायाचे सॅच्युरेशन हातापेक्षा जास्त येते. पायाला लावून ‘88 आहे, छान’ म्हणत बसाल आणि मेंदूला 65 मिळत असेल. उजव्या हाताला 75 च्या खाली टिकून राहिले तर बलून सेप्टॉस्टॉमीला (फुग्याने वरच्या कप्प्यांमधले भोक मोठे करणे) वेळ घालवू नका. तिच्यामुळे मेंदूत गुठळी जाण्याची भीती काही अभ्यासांनी दाखवली, काहींनी नाही. खोल निळेपणात ताटकळण्याचा धोका मात्र नक्की आहे.

हायपोप्लास्टिकमध्ये उलट सांभाळायचे असते. सवयीने शंभर टक्के ऑक्सिजन दिला की फुप्फुसाच्या वाहिन्या सैल होतात, रक्त तिकडे पळते आणि मेंदूच्या वाट्याचे कमी होते. व्हेंटिलेटरवर जोरात श्वास देऊन कार्बन डायऑक्साइड उतरवला तरी मेंदूचा प्रवाह आक्रसतो.

ट्रान्सपोझिशनमधली आर्टेरियल स्विच (अदलाबदल झालेल्या नळ्या जागेवर जोडण्याची शस्त्रक्रिया) पहिल्या दोन आठवड्यांत व्हावी. कमी सॅच्युरेशनवर वाट पाहण्याचे दिवस वाढतात तशी पांढऱ्या भागातली इजा वाढते. पैशाची जमवाजमव करण्यात हे दिवस जाऊ नयेत म्हणून महात्मा फुले योजनेची आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी सातव्या महिन्यातच करा. रेशनकार्ड, दोघांचे आधार आणि फीटल एकोचा (गर्भाच्या हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट एका फाइलीत ठेवा.

विकासथेरपी_सिंहगडरोड

खूप उपयोगाचे, आभारी आहे. एक उपप्रश्न: कमी ऑक्सिजन हे कारण असेल तर आईला ऑक्सिजन देऊन फायदा होतो का? घरी कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणू का, असे पालक विचारतात.

फीटलएको_एरंडवणे

नको. यावर संशोधन चालू आहे, पण मेंदूला फायदा होतो हे सिद्ध झालेले नाही आणि जास्त ऑक्सिजनने वारेच्या व गर्भाच्या रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो ही काळजीची बाब आहे. संशोधनाच्या देखरेखीबाहेर घरच्या घरी हा प्रयोग करू नये.

करण्यासारख्या साध्या गोष्टी आहेत. हिमोग्लोबिन 11 च्या वर ठेवा, कारण आईच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारेच कमी असेल तर वारेपर्यंत पोहोचणार काय? साखर, थायरॉइड, रक्तदाब आटोक्यात. मिश्री बंद. ग्रामीण भागातून आलेल्या बायकांना ‘तंबाखू खाता का’ विचारले तर नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी तंबाखू नसते. नाव घेऊन विचारा. चुलीचा आणि घरातल्या विड्यांचा धूरही टाळायचा.

आईच्या मनावरचा ताण कमी करण्याची तजवीज हाही उपचाराचा भाग आहे. निदान सांगितल्यावर आठवड्याभरात पुन्हा भेट ठेवा, पहिल्या भेटीत निम्मे ऐकूच जात नाही.

बालविकास_औंध

वय वजा करण्याबद्दल स्पष्ट लिहिते: करू नका.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय दुरुस्त करतो ते गर्भावस्थेच्या आठवड्यांवरून, एमआरआयवरून नाही. 39 आठवड्यांना जन्मलेल्या बाळाचे वय जन्मतारखेपासूनच मोजायचे. मेंदू चार आठवडे मागे असणे हा निष्कर्ष आहे, तो वजा केला तर जे शोधायला निघालो तेच झाकले जाते. सहा महिन्यांच्या बाळाला पाच महिन्यांचे धरले की थोडा उशीर ‘सामान्य’ होतो आणि थेरपी लांबते. बाळ 35 आठवड्यांना जन्मले असेल तर नेहमीप्रमाणे पाच आठवडे वजा करा, दोन वर्षांपर्यंत. हृदयासाठी वेगळी सूट नाही. रिपोर्टवर दोन्ही वये लिहा, म्हणजे दुसऱ्या थेरपिस्टला कशावरून मोजले ते कळेल.

‘35 आठवड्यांसारखा’ हा आकडाही सरासरीचा आहे. 2009 च्या फिलाडेल्फियाच्या अभ्यासात ट्रान्सपोझिशन आणि हायपोप्लास्टिकच्या नवजातांत साधारण महिनाभराचा फरक दिसला. प्रत्येक बाळात तेवढाच असेल असे नाही.

पाहण्याच्या वेळा: घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत पहिली भेट, मग 6, 12, 18, 24 महिने, तीन वर्षे आणि शाळेआधी पाचव्या वर्षी. डासी ही विकासाची भारतीय चाचणी 30 महिन्यांपर्यंत चालते, बेली ही परदेशी चाचणी असेल तर उत्तम. 18 आणि 24 महिन्यांना ऑटिझमची चाळणी. कानाची तपासणी बेराने (आवाजाला श्रवणनस आणि मेंदू प्रतिसाद देतात का हे पाहणारी चाचणी) करा. आयसीयूमध्ये पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या, जेंटामायसिन आणि फ्युरोसेमाइड ही कानाला अपाय करू शकणारी औषधे मिळालेल्या बाळाला नुसती ओएई (फक्त आतल्या कानाची चाचणी) पुरेशी नाही.

पहिल्या वर्षात मुख्यतः हालचाली मागे असतात: मान, पालथे पडणे, बसणे. स्टर्नमवर (छातीच्या मधल्या हाडावर) छेद असलेल्या बाळाला सहा ते आठ आठवडे काखेत धरून उचलायचे नाही. एक हात मानेखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घालून सबंध उचलायचे. ही भीती घरात इतकी बसते की पुढे वर्षभर बाळाला पोटावर टाकतच नाहीत, आणि पालथे न पडल्यामुळे झालेला उशीर हृदयाच्या खात्यावर जातो. सर्जनने परवानगी दिली की त्याच आठवड्यात पोटावर सुरू करा, आधी आईच्या छातीवर, दोन-दोन मिनिटे, दिवसातून पाच-सहा वेळा.

मालिशवाल्या बाईंना छेद दाखवून समजावा. हात मागे ओढणे, उलटे टांगणे, छातीवर दाब, हे काही नको. हातापायाला हलके तेल चालते. बाळगुटी नाही.

दूध ओढताना दमणे, घाम येणे, ओढणे-गिळणे-श्वास यांचा मेळ न बसणे हे कोवळ्या मेंदूचेही लक्षण असते, नुसत्या हृदयाचे नाही. कमानीच्या शस्त्रक्रियेनंतर रडण्याचा आवाज बसका असेल तर स्वरयंत्राची नस दुखावली आहे का ते कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून पाहून घ्या. दूध श्वासनळीत जाते आणि खोकलाही येत नाही, अशी बाळे आहेत.

आणि पाचव्या वर्षी फाइल बंद करू नका. बोस्टनमध्ये 1988 ते 1992 दरम्यान आर्टेरियल स्विच झालेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. आठव्या वर्षी सरासरी बुद्ध्यांक सामान्यांच्या जवळ होता, तरी सोळाव्या वर्षापर्यंत 65 टक्के मुलांना शिकण्यासाठी किंवा वागणुकीसाठी कधी ना कधी विशेष मदत घ्यावी लागली. अडते ते लक्ष टिकवणे, कामाची आखणी, आकृत्या-नकाशे. पहिली-दुसरीत कळत नाही. तिसरी-चौथीला शाब्दिक उदाहरणे आणि मोठे परिच्छेद आले की कळते, आणि शाळा म्हणते ‘आळशी आहे’.

विकासथेरपी_सिंहगडरोड

मॅडम, पहिल्या पानासाठी हे लिहिले आहे: ‘तुमच्या बाळाच्या हृदयदोषामुळे मेंदूला पोटात असताना ऑक्सिजन कमी मिळाला, त्यामुळे मेंदूची वाढ कमी झाली आहे. ऑपरेशनमुळे हे झालेले नाही.’ ठीक आहे का?

बालविकास_औंध

दोन ठिकाणी बदला. ‘वाढ कमी झाली आहे’ वाचून पालक मतिमंद असा अर्थ काढतात. ‘वाढीचा वेग मंदावलेला असू शकतो’ लिहा, कारण ‘तुमच्या बाळाच्या’ मेंदूबद्दल एमआरआयशिवाय आपण खात्रीने बोलू शकत नाही. आणि ‘ऑपरेशनमुळे हे झालेले नाही’ असे सरसकट लिहू नका. शस्त्रक्रियेच्या काळातही झटके, रक्तदाब उतरणे, गुठळी यांनी इजा होऊ शकते. ‘ही सुरुवात बहुधा ऑपरेशनच्या आधीची असते’ एवढेच खरे आहे.

त्याच पानाच्या तळाशी पालकांना डिस्चार्ज कार्डासोबत काय मागून घ्यायचे ते छापा: किती आठवड्यांना जन्म, जन्माच्या वेळचा डोक्याचा घेर, शस्त्रक्रियेआधीचे सर्वांत कमी सॅच्युरेशन, बायपासची (हृदय-फुप्फुस मशीनवर ठेवल्याची) मिनिटे, रक्ताभिसरण पूर्ण थांबवले असल्यास त्याची मिनिटे, झटके आले का, डोक्याची सोनोग्राफी किंवा एमआरआय झाला असल्यास त्याची प्रत आणि सीडी. सहा महिन्यांनी हे कागद मागायला गेले की मिळायला त्रास होतो, डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर मागितले तर मिळतात.

एनआयसीयू_हडपसर

त्यात ‘व्हेंटिलेटरवर किती दिवस’ हेही घाला.